डिमेन्शियाच्या रुग्णासाठी केंद्र निवडताना रात्रपाळी विचारा

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांविषयी आलेला विस्तृत लेख वाचला. बाग, भजन, योगवर्ग, घरगुती जेवण, दाराशी रुग्णवाहिका या सोयींची त्यात नीट माहिती आहे आणि स्वतःचे व्यवहार स्वतः पाहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांना तिचा उपयोग निश्चित होईल. परंतु काही केंद्रांच्या नावापुढे ‘डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष’ एवढा उल्लेख जाता जाता आला आहे आणि तो कक्ष कसा असावा, कसा तपासावा, याबद्दल लेखात काहीच नाही. मी नोकरीची सारी वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर नात्यातल्या व ओळखीच्या कुटुंबांबरोबर पुणे परिसरातील अशी केंद्रे पाहायला जाते. त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी केंद्र निवडताना इमारत आणि माहितीपत्रक यांना फारसे महत्त्व देऊ नये. संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात तेथे किती माणसे कामावर असतात आणि ती काय करतात, यावरच निवड करावी.

हा प्रश्न आता मूठभर घरांचा राहिलेला नाही. देशातील साठ वर्षांवरील लोकांचा प्रातिनिधिक नमुना घेऊन झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. बहुतेकांची काळजी आजही घरातच घेतली जाते आणि ती बहुधा सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीला टेकलेली पत्नी घेते. केंद्राचा विचार होतो तो रात्रीच्या जागरणांनी घरातले कोणी अंथरुणाला खिळल्यावर, किंवा रुग्ण दार उघडून निघून गेला आणि पोलिसांत वर्दी द्यावी लागली त्यानंतर. मग निर्णय आठवडाभरात उरकायचा असतो, आणि वर ‘आईला आश्रमात टाकले’ हे नातेवाइकांचे बोलणेही ऐकून घ्यायचे असते. ही लाज निवडीच्या फार आड येते. फ्लॅट घेताना जी माणसे प्रत्येक नळ सोडून पाहतात, ती येथे मान खाली घालून बसतात, चालक सांगेल त्याला हो म्हणतात आणि आपल्या माणसाला ठेवून घेतले हेच उपकार समजून निघतात. वयोवृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडणे हा २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे खरे. पण जाणती काळजी मिळेल अशा ठिकाणी त्यांना ठेवणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत फरक आहे, आणि तो फरक प्रश्न विचारण्यानेच टिकतो.

इतर वृद्धाश्रमांतील रहिवाशाला जेवण आवडले नाही, कोणी उद्धटपणे बोलले, तर तो मुलीला फोन करतो. डिमेन्शियाच्या रुग्णाला ते जमत नाही. पोटभर जेवून उठलेली आजी पाच मिनिटांनी ‘मला कोणी जेवायला दिले नाही’ म्हणते, आणि ज्या दिवशी तिला खरोखरच जेवण मिळालेले नसते त्या दिवशी तिच्या त्याच वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून अशा केंद्राची पारख रहिवाशाला विचारून होत नाही, आणि सकाळी अकरा वाजता ठरवून दिलेल्या भेटीत तर मुळीच होत नाही. त्या वेळी अंघोळी झालेल्या असतात, केस विंचरलेले असतात, पावडर लावून सगळ्यांना बाहेरच्या हॉलमध्ये बसवलेले असते. या आजारात दिवेलागणीच्या सुमारास अस्वस्थता वाढते. रुग्ण येरझाऱ्या घालू लागतो, दार ठोठावतो, ‘घरी जायचंय’चा धोशा लावतो. नेमक्या याच वेळी दिवसपाळीच्या बाया बस पकडण्यासाठी निघालेल्या असतात. केंद्र पाहायचे ते तेव्हा, आणि शक्य तर न कळवता. संध्याकाळी भेटीला मज्जाव करणारे केंद्र माझ्या मते तेथेच बाद समजावे.

रात्रपाळीचा प्रश्न नुसता ‘स्टाफ किती?’ असा विचारून भागत नाही, कारण त्याला मिळणाऱ्या आकड्यात स्वयंपाकी, माळी, चालक आणि कार्यालयातली मुलगी असे सगळे धरलेले असतात. रात्री दहा वाजता रुग्णांजवळ जागे असणारे किती, त्यांत प्रशिक्षित परिचारिका आहे की फक्त ब्यूरोतून आलेल्या मावश्या, त्या बारा तासांची पाळी करून पुन्हा दुसऱ्या पाळीला थांबतात का, महिला रुग्णांना रात्री शौचाला नेण्यासाठी बाईमाणूस असते का, हे वेगवेगळे विचारावे लागते. हजेरीपट पाहायला मागावा. तो दाखवणारी केंद्रे आहेत, आणि न दाखवणारी अर्थात जास्त आहेत.

भाषेचाही मुद्दा येथेच येतो. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा पुसट होते आणि लहानपणीची उरते. आयुष्यभर बँकेत इंग्रजी-हिंदी बोललेले गृहस्थ मालवणीखेरीज बोलेनासे होतात. आपल्याकडे मावश्या-मामा आता झारखंड, छत्तीसगड, ओडिशा अशा दूरच्या राज्यांतूनही येतात आणि त्यांच्यातले अनेक जण मनापासून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्री दोन वाजता ‘लघवीला जायचंय’ हे आजीचे म्हणणे समजणारे एक तरी माणूस त्या मजल्यावर हवे. नसेल, तर त्या ओरडण्याला ‘आक्रमक वर्तन’ असे नाव पडते आणि मग गोळी येते.

एका केंद्रात मी संध्याकाळी सातच्या सुमारास गेले होते. भाड्याच्या बंगल्यातले केंद्र होते, स्वच्छ होते, फिनेलचा वास होता, टीव्हीवर मालिका मोठ्या आवाजात लागली होती. भिंतीलगत खुर्च्यांच्या रांगेत बसलेल्या बायकांपैकी एकीच्या कमरेभोवती ओढणी गुंडाळून तिची गाठ खुर्चीच्या पाठीमागे मारलेली होती, आणि ती बाई दोन्ही हातांनी पोटाजवळचे ते कापड चाचपत होती, सोडवायचे कसे ते कळत नव्हते. विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “उठल्या की पडतात हो, आम्ही दोघीच आहोत.” मावशींचे खोटे नव्हते. खोटे होते ते चालकाने माहितीपत्रकात छापलेले ‘दर चार रुग्णांमागे एक काळजीवाहक’ हे वाक्य. कधी बांधले, किती वेळ, कोणाच्या सांगण्यावरून, याची कसलीही नोंद तेथे नव्हती.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते वाचकांनी लक्षात ठेवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ९७ नुसार रुग्णाला एकटे कोंडून ठेवता येतच नाही, आणि बांधणे हा, स्वतःला वा दुसऱ्याला होणारी तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाचा उपाय आहे. त्याला प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची मान्यता लागते, त्याची नोंद ठेवावी लागते, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून असे करता येत नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. याच कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थलकालाचे भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचाही समावेश आहे. असे असूनही बरीच केंद्रे स्वतःला नुसता ‘वृद्धाश्रम’ किंवा ‘सीनियर केअर’ म्हणवतात आणि मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणीच करत नाहीत. त्यामुळे जो नियम मनोरुग्णालयातल्या तरुण रुग्णाचे संरक्षण करतो, तो बंगल्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत पोहोचत नाही.

ओढणी निदान डोळ्यांना दिसते. गोळीने बांधलेले माणूस दिसत नाही. ते ‘छान शांत झालेले’ दिसते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी मनोविकारावरील औषधे डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांना दिल्याने पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. मृत्यूच्या धोक्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने या वर्गातील नव्या औषधांबाबत २००५ मध्येच दिला होता, आणि लेवी बॉडी नावाच्या एका प्रकारच्या डिमेन्शियात तर ती विशेष घातक ठरू शकतात. ही औषधे कधीच देऊ नयेत असे मी म्हणणार नाही. भास होऊन घाबरलेला, मारायला धावणारा रुग्ण मी पाहिला आहे. पण ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार ती किमान डोसात, शक्य तितका कमी काळ द्यायची असतात आणि निदान दर सहा आठवड्यांनी त्यांचा फेरविचार करायचा असतो. आपल्याकडे सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, कारण ती बंद करून पाहण्याची जोखीम रात्री दोन मावश्यांच्या जिवावर कोण घेणार? तेव्हा दाखल करण्याच्या दिवशी औषधांची यादी स्वतःजवळ लिहून ठेवावी आणि महिन्याने केंद्राकडून नवी यादी मागून दोन्ही ताडून पाहाव्यात. नवे नाव दिसले तर कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवसांसाठी दिले ते विचारावे.

माझा एक ठरलेला प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावरून केंद्राची समज बरीच कळते. ‘कालपर्यंत बऱ्या असलेल्या आजी आज अचानक बरळायला लागल्या, ओळखेनाशा झाल्या, तर तुम्ही काय करता?’ हा तो प्रश्न. डिमेन्शिया सहसा एका रात्रीत वाढत नाही. असा अचानक बदल बहुधा मूत्रमार्गातला संसर्ग, ताप, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठता किंवा नव्या औषधाने होतो. जाणत्या ठिकाणी लगेच सांगतात की ताप पाहतो, पोट साफ झाले का ते वहीत बघतो, लघवी तपासायला पाठवतो, डॉक्टरांना बोलावतो. बाकीच्या ठिकाणी उत्तर येते, “या आजारात असं होतंच हो, गोळी वाढवून घेतो.”

भरवण्याची वेळही अवश्य पाहावी. आजार पुढे गेल्यावर रुग्ण घास तोंडात धरून बसतो, गिळायचे विसरतो, ठसकतो. त्याला सरळ बसवून, लहान घास देऊन, प्रत्येक घास गिळल्याची खात्री करत भरवायला अर्धा तास सहज लागतो. भरवावे लागणारे आठ रुग्ण आणि भरवणाऱ्या दोघी असतील तर शेवटच्या आजीपर्यंत ताट पोहोचायला दीड तास होतो आणि जेवण संपेपर्यंत दोन, हे कोणालाही करता येणारे गणित आहे. मग एक तर घाई होते, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. नाहीतर ‘नाकातून नळी घालून घ्या, पोषण नीट होईल’ असा सल्ला मिळतो. पुढच्या टप्प्यातील डिमेन्शियात अशा नळीने आयुष्य वाढते किंवा ठसका लागून होणारा न्यूमोनिया टळतो, असे दिसून आलेले नाही, आणि वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ हाताने सावकाश भरवण्याचाच आग्रह धरतात. शिवाय नळी उपसू नये म्हणून हात बांधणे आलेच. केंद्रात किती जणांना राइल्स ट्यूब, म्हणजे ही नाकातली नळी, आहे, किती जणांना लघवीची नळी आहे, आणि चालता येत असूनही किती जणांना दिवसभर डायपर घातलेला असतो, हे तीन आकडे विचारावेत. ते मोठे असतील तर मनुष्यबळ कमी आहे, असे मी खुशाल समजते.

बाकी पाहण्याच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण सांगून जातात. नखे, कानामागची त्वचा, टाचा. कवळी नाव लिहिलेल्या डबीत आहे की सगळ्यांच्या कवळ्या एकाच भांड्यात. चष्मा आणि कानाचे यंत्र प्रत्यक्ष लावलेले आहे की ऑफिसच्या कपाटात ‘हरवू नये म्हणून’ ठेवलेले. अंगावरची साडी किंवा गाऊन तिचा स्वतःचा आहे की सामायिक गठ्ठ्यातला. पलंगावरून संडासाचे दार दिसते का, हेही पाहावे. चकचकीत फरशी या रुग्णांना ओली वाटते आणि गडद पायपुसणे खड्ड्यासारखे भासते, त्यामुळे ज्या संगमरवरी लॉबीचे आपण कौतुक करतो तिच्यात ते पाऊल टाकायला घाबरतात. खोल्यांना बाहेरून कड्या आहेत का, हे मात्र किरकोळ नाही. रात्री आग लागली तर त्या कड्या कोण काढणार आणि अग्निशमन दलाचा दाखला आहे का, या प्रश्नाला मिळणारे उत्तर उभ्या उभ्याच ऐकून घ्यावे आणि समाधान झाले नाही तर बसूच नये.

चांगली केंद्रे नाहीत असे नव्हे. शहराबाहेरच्या एका लहानशा केंद्रात दिवेलागणीला एक आजी पर्स काखेत मारून दाराशी उभ्या होत्या. पोरे शाळेतून यायची वेळ झाली, मला सोडा, असे त्यांचे चालले होते. त्यांची पोरे आता साठीला आलेली असतील. मावशींनी ‘पोरे मोठी झाली, तुम्ही आता इथेच राहता’ असले काही सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “जाऊ या की. पण पोरं आली की भुकेजलेली असणार, एवढी मेथी निवडून देता का?” आजी बसल्या, पर्स मांडीवर ठेवून मेथी निवडू लागल्या, आणि अर्ध्या तासात दाराचा विषय मागे पडला. त्या केंद्राला बाग नव्हती, लिफ्ट नव्हती. दाखल करताना मात्र त्यांनी घरच्यांकडून दोन पाने भरून घेतली होती: माहेर कुठले, काय काम केले, चहा किती गोड, कोणाचे नाव घेतले की रडू येते, अंघोळ पहाटे की दुपारी. अशी माहिती न विचारता फक्त आधार कार्ड, फोटो आणि डिपॉझिटचा चेक मागणाऱ्या ठिकाणी आपले माणूस खाटेच्या क्रमांकाने ओळखले जाईल, हे गृहीत धरावे.

‘पहिला महिनाभर भेटायला येऊ नका, रुळू द्या’ असे बऱ्याच ठिकाणी सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. स्मृती जात असलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा महिनाभर न दिसल्याने तो रुळत नाही. आणि कुटुंबाने सर्वांत जास्त लक्ष ठेवायला हवे तो नेमका हाच महिना असतो. परदेशातील मुलांना मोबाइलवर कॅमेऱ्याचे चित्र दाखवण्याची सोय आता पुष्कळ केंद्रे देतात. हॉलमधले चित्र पाहून त्यांना बरे वाटते, ते वाटू द्यावे. पण अंघोळ, भरवणे आणि रात्रीचा संडास कॅमेऱ्यात नसतो, आणि नसावाही. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या नातेवाइकाने आठवड्यातून एकदा वेळ बदलून जाऊन येणे कितीतरी उपयोगी पडते.

करारपत्र घरी आणून वाचावे. रुग्ण ‘सांभाळण्यापलीकडे गेला’ तर चोवीस तासांत घेऊन जावे, अशी अट त्यात अनेकदा असते. सांभाळण्यापलीकडे म्हणजे काय, हे तेथेच लिहून घ्यावे, कारण हा आजार वाढणाराच आहे आणि त्या वाढीसाठीच तर आपण केंद्र शोधत असतो. रुग्णालयात हलवायची वेळ आली तर सोबत कोण जाणार, शेवटच्या दिवसांत रुग्णाला केंद्रातच राहू देणार का, मृत्यूचे कारण प्रमाणित करणारे डॉक्टर कोण, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे विचारायला जीभ रेटत नाही. तरी विचारावे.

आता शासनाबद्दल. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. खासगी काळजी केंद्रांची नोंदणी आणि किमान मानके यांविषयीची तरतूद डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होती, परंतु ते विधेयक त्या लोकसभेच्या मुदतीत संमत झाले नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. दारे किती रुंद असावीत, कठडे कोठे असावेत, फरशी घसरडी नसावी, हे आता विकसकाला लिहून मिळते. त्या दारातून रात्री कोणी आत येऊन आजीची कूस बदलायची की नाही, हे मात्र कोणी लिहून दिलेले नाही. इंग्लंडमध्ये राहणारा मराठी मुलगा तेथल्या कोणत्याही केअर होमचा तपासणी अहवाल आणि त्याला मिळालेली श्रेणी घरबसल्या वाचू शकतो. पुण्यातल्या आपल्या आईच्या केंद्राबद्दल त्याला वाचायला मिळतात त्या फक्त केंद्राने स्वतः लिहिलेल्या ओळी.

इंग्लंडसारखी तपासणी यंत्रणा उद्या उभी राहील अशी माझी अपेक्षा नाही. पण डिमेन्शियाचे रुग्ण ठेवणाऱ्या प्रत्येक केंद्राने रात्रपाळीतील जाग्या कर्मचाऱ्यांची संख्या, गेल्या तीन महिन्यांत पडलेले रुग्ण, बांधून ठेवल्याच्या नोंदी, जखमा झालेले रुग्ण आणि मनोविकारावरील औषधे घेणारे रुग्ण एवढे पाच आकडे दर्शनी भागात लावावेत आणि जिल्हा समाजकल्याण कार्यालयाला कळवावेत, असा आदेश राज्य सरकार काढू शकते, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. तोपर्यंत गैरप्रकार आढळल्यास ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर कळवता येते, हे आपल्या वाचकांना माहीत असावे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पुढच्या पुरवणीत केंद्रांची माहिती देताना मासिक शुल्काच्या रकान्याशेजारी ‘रात्री दहा वाजता रुग्णांजवळ असणारे कर्मचारी’ असा एक रकाना ठेवावा, तो केंद्राकडून भरून घ्यावा, आणि जे केंद्र तो भरून देणार नाही त्याच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, पुणे